लाओवायची नोकरी

मुंबईचं शांघाय करून दाखवू, ही घोषणा महाराष्ट्रानं 2004 च्या सुमारास इतक्यांदा ऐकली की पुढे तिचा विनोद झाला. 2014 साली दोन्ही शहरं कागदोपत्री भगिनीही झाली. पण मुंबईतला, पुण्यातला, नागपुरातला कुणी उद्या शांघायला जाऊन नोकरी मागू लागला तर ती मिळेल का, हे फारसं कुणी विचारलं नाही. दुबई, सिंगापूर, न्यू जर्सीची वाट आपल्याकडे गल्लीतल्या कुणाला तरी तोंडपाठ असते. शांघाय, शेन्झेन, ग्वांगझूची नसते. त्यात 2020 नंतरची पाच वर्षं दोन्ही देशांत थेट विमानसुद्धा नव्हतं. ऑक्टोबर 2025 अखेरीस कोलकाता-ग्वांगझू आणि नोव्हेंबरमध्ये दिल्ली-शांघाय विमानं पुन्हा उडाली, आणि हा प्रश्न परत विचारण्याजोगा झाला.

गंमत अशी की एके काळी शांघाय हे परक्यांसाठी, म्हणजे चिनी बोलीत ‘लाओवाय’साठी, जगातल्या सगळ्यात सैल दारांपैकी एक होतं. 1843 साली बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. मुंबईत पेढी असलेलं ससून घराणं अफू आणि कापसाच्या पैशावर तिथे वाढलं. नदीकाठच्या बंड रस्त्यावरचं 1929 चं ससून हाउस आजही उभं आहे. पारशी व्यापारी होते, चौकाचौकांत शीख पोलीस होते. 1930 च्या दशकाच्या अखेरीस युरोपातून पळालेल्या सुमारे 20 हजार ज्यूंना तिथे आसरा मिळाला, कारण उतरताना व्हिसा मागणारं कुणी नव्हतं. अर्थात ही उदारता चिनी माणसानं दिलेली नव्हती. ती परक्या सत्तांनी त्याच्या उरावर बसून उपभोगलेली होती. आज त्याच शहरात उतरल्यापासून 24 तासांच्या आत पोलिसांकडे पत्ता नोंदवावा लागतो. हॉटेलात राहिलात तर हॉटेलवाला नोंदवतो, मित्राकडे राहिलात तर तुम्ही. या दोन टोकांमधली ऐंशी-नव्वद वर्षांची आठवण मनात ठेवली की आजच्या नियमांचा कडकपणा थोडा समजतो.

आधी आकडे, कारण आकड्यांनी बरेच गैरसमज मोडतात. 2020 च्या चिनी जनगणनेत मुख्य भूमीवर राहणारे परदेशी नागरिक भरले 8 लाख 45 हजार 697. एकशे एक्केचाळीस कोटींच्या देशात! म्हणजे दर दहा हजारांत सहा. त्याच जनगणनेत शांघायमध्ये हाँगकाँग, मकाव, तैवानचे आणि इतर सगळे परके मिळून 1 लाख 63 हजार 954 होते. 2010 साली हा आकडा 2 लाखांच्या वर होता. मोजणी झाली ती महासाथीच्या मध्यावर, सीमा जवळजवळ बंद असताना, हे खरं. तरीही 2022 च्या वसंतातली दोन महिन्यांची टाळेबंदी अजून व्हायचीच होती, आणि त्या टाळेबंदीनंतर कित्येक परदेशी कुटुंबांनी शहर सोडलं. प्रांतवार यादीत ग्वांगतोंगच्या खालोखाल क्रमांक लागतो तो युन्नानचा, हे वाचून अनेकजण चकित होतात. तिथे मोठा भाग सीमेपलीकडून लग्न करून किंवा मजुरीला आलेल्या म्यानमारच्या लोकांचा आहे. चीनमधला ‘परदेशी’ म्हणजे काचेच्या मनोऱ्यातला गोरा साहेब, हे चित्र तिथेच पुसायला सुरुवात करावी.

आता दाराकडे वळू. कोकणातल्या कुठल्याही गावात आखाताची रीत माहीत असते: एजंट, कंपनीचा व्हिसा, मेसन असो की ड्रायव्हर, दोन-तीन वर्षांचा करार. चीनमध्ये या रीतीला जागाच नाही. हातकामाची माणसं बाहेरून आणण्याची गरज त्या देशाला पडली नाही. खेड्यांतून शहरांत आलेले कोट्यवधी चिनी मजूर ते काम करतात. परक्याला प्रवेश आहे तो फक्त स्थानिक माणूस सहज मिळत नाही अशा जागेवर. 1 एप्रिल 2017 पासून देशभर लागू झालेल्या कामाच्या परवान्याची सगळी रचना याच एका कल्पनेवर उभी आहे. पूर्वी ‘परदेशी तज्ज्ञ’ आणि ‘परदेशी कर्मचारी’ असे दोन वेगळे परवाने होते. ते एकत्र करून अ, ब, क असे तीन वर्ग केले गेले. अ म्हणजे वरच्या दर्जाची माणसं, त्यांना पायघड्या. ब म्हणजे व्यावसायिक, त्यांना परवानगी, पण गरजेपुरती. क म्हणजे तात्पुरती, हंगामी माणसं, त्यांना मर्यादा. सरकारी भाषेतलं धोरणही जवळपास याच शब्दांत सांगितलं जातं, आडपडदा नाही.

ब वर्गाची सरळ वाट अशी: पदवी, त्या क्षेत्रातला किमान दोन वर्षांचा अनुभव, वय साठच्या आत, गुन्ह्याची नोंद नाही, आणि परवाना काढून द्यायला तयार असलेली कंपनी. या चौकटीत न बसणाऱ्यांसाठी गुणांची वाट आहे. 60 गुणांना ब, 85 ला अ. गुण कसे पडतात ते एका कल्पित उदाहरणानं बघू. समजा, चिंचवडची एक डिझाइन इंजिनियर आहे (ती सरळ वाटेनंही बसेल, पण हिशेबापुरतं). वय 29, बी.ई., सहा वर्षांचा अनुभव, शांघायच्या कंपनीनं महिना 25 हजार युआन देऊ केलेत. युआनला साधारण 12 रुपये धरा. वर्षाला 3 लाख युआनचे 14 गुण. पदवीचे 10, पदव्युत्तर असती तर 15, पीएच.डी.ला 20. अनुभवाच्या पहिल्या दोन वर्षांचे 5 आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला एक, असे 9. वर्षातले नऊ महिने किंवा जास्त काम करणार म्हणून 15. वय 26 ते 45 मध्ये म्हणून 15. चिनी भाषेची एच.एस.के. परीक्षा तिसऱ्या पातळीपर्यंत दिलेली असेल तर 3. बेरीज 66. पास झाली, पण काठावर. पंचेचाळिशी ओलांडली की वयाचे पाच गुण जातात, पंचावन्ननंतर आणखी पाच. नोकरी पश्चिमेकडच्या मागास प्रांतात असती तर दहा जास्त मिळाले असते. शांघायमध्ये त्या रकान्यात शून्य. माणसाची किंमत अशी कोष्टकात मांडलेली बघून पहिल्यांदा अंगावर काटा येतो. पण मला वाटतं, मुलाखतीतल्या साहेबाच्या लहरीपेक्षा कोष्टक परवडलं. निदान कुठे कमी पडलो ते दिसतं.

पगाराच्या जोरावर अ वर्गात शिरायचं तर स्थानिक सरासरी वेतनाच्या सहापट पगार लागतो. शांघायची 2023 ची सरासरी महिना 12,307 युआन होती, म्हणजे 73 हजारांच्या वर. तेवढा पगार देणारी कंपनी तुमच्यासाठी परवान्याची धावपळही करेल, हे वेगळं सांगायला नको.

कागदांचा प्रवास मात्र भारतीयाच्या वाट्याला जरा लांबचा येतो. 7 नोव्हेंबर 2023 पासून चीनमध्ये अपोस्टिल करार लागू झाला आणि अनेक देशांतल्या लोकांचं पदवी-साक्षांकन एका शिक्क्यावर आलं. भारतही त्या कराराचा जुना सदस्य आहे. पण भारतानं चीनच्या प्रवेशावर हरकत घेतली, त्यामुळे या दोघांमध्ये तो लागू नाही. म्हणून आपल्या पदवीला आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयात आणि शेवटी चिनी वकिलातीत, असे जुनेच उंबरे झिजवावे लागतात. पोलिसांच्या चारित्र्य-दाखल्याचीही तीच कथा. त्यात मूळ प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत वडिलांच्या नावाचा फरक निघाला, जो मराठी माणसाच्या बाबतीत हमखास निघतो, की आणखी एक प्रतिज्ञापत्र. हे सगळं जमलं की कंपनी परवान्याचं सूचनापत्र काढते, त्यावर ‘झेड’ व्हिसा मिळतो, तिथे उतरल्यावर 15 दिवसांत कामाच्या परवान्यासाठी आणि 30 दिवसांत रहिवासी परवान्यासाठी अर्ज, मध्ये सरकारी केंद्रात वैद्यकीय तपासणी. डिसेंबर 2024 पासून परवान्याचं वेगळं प्लास्टिकचं कार्ड बंद झालं. ती माहिती आता सामाजिक सुरक्षा कार्डात जाते.

हा क्रम पाठ करण्याचं कारण एकच: ‘आधी पर्यटक किंवा व्यापारी व्हिसावर या, काम सुरू करा, मग बघू’ असं सांगणारे दलाल आणि छोट्या कंपन्या तिथे आजही भेटतात. 2013 च्या जुलैपासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यात बेकायदा काम करणाऱ्या परक्याला 5 ते 20 हजार युआन दंड आहे आणि प्रकरण गंभीर असेल तर 5 ते 15 दिवस कोठडी. नंतर देशाबाहेर काढणं वेगळं. कंपनीला माणशी 10 हजार दंड, एकूण 1 लाखाच्या मर्यादेत. दोघांच्या जोखमीतला फरक बघा. कंपनी पैसे भरून सुटते. तुम्ही गजांआड जाता.

परक्यांच्या नोकऱ्यांचा इतिहास पाहिला तर तो एकापाठोपाठ एक बुजत गेलेल्या खड्ड्यांचा इतिहास आहे. चीनकडे जे नव्हतं ते आणून देणारा परका हवा होता. ते शिकून झालं की तो नको झाला. 1950 च्या दशकात यंत्रविद्या नव्हती, सोव्हिएत तज्ज्ञ आले आणि 1960 साली एका झटक्यात परत गेले. 1978 नंतर भांडवल आणि व्यवस्थापन नव्हतं, बहुराष्ट्रीय कंपन्यांचे साहेब आले. घरभाडं, मुलांच्या शाळेची फी, गाडी, ड्रायव्हर, वर्षाला घरी जायचं तिकीट असा त्यांचा थाट. आता त्याच खुर्चीत शांघायचीच, परदेशात शिकून परतलेली मुलगी बसते. तिला इंग्रजी येतं, गिऱ्हाइकांची बोली येते, आणि खर्च अर्ध्याहून कमी. परक्याला ती खुर्ची मिळालीच तर स्थानिक करारावर, स्थानिक पगारात. करसवलती अजून आहेत: घरभाडं आणि मुलांचं शिक्षण यांसारख्या खर्चांवरची सूट 2027 अखेरपर्यंत वाढवली आहे. पण आयकराचा वरचा दर 45 टक्के आहे, हे पगाराचा आकडा ऐकून हुरळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

सगळ्यात मोठा खड्डा होता इंग्रजीचा, आणि तो बुजला तो तर डोळ्यांदेखत. दोनेक दशकं कुठल्याही चिनी महानगरात परक्यासाठी सोपी नोकरी म्हणजे इंग्रजीची शिकवणी. पदवी, चार आठवड्यांचं प्रमाणपत्र, आणि योग्य पासपोर्ट. योग्य म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. आयुष्यभर इंग्रजी माध्यमात शिकलेला, शेक्सपियरवर पीएच.डी. केलेला मुंबईचा प्राध्यापक या यादीत नाही; मँचेस्टरचा, पदवी कशीबशी काढलेला तरुण आहे. ज्यांनी त्या देशांत पदवी घेतली त्यांना फट सापडे, बाकीच्यांना बेकायदा बालवाड्या. त्यातही फिलिपिनो, भारतीय, आफ्रिकी शिक्षकांना कमी पगार आणि पहिल्या धाडीत पहिला नंबर.

मग 24 जुलै 2021 उजाडला. ‘श्वांगजिएन’ म्हणजे दुहेरी ओझं-कपात नावाचा आदेश आला: शाळकरी मुलांच्या अभ्यासक्रमाच्या विषयांत नफ्याची शिकवणी बंद, आणि परदेशात बसलेल्या शिक्षकांकडून ऑनलाइन शिकवणंही बंद. लाखो माणसं कामाला असलेला धंदा काही महिन्यांत आटला. शिकवणीच्या क्लासचं अर्थकारण लातूर-कोटाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. असा आदेश आपल्याकडे एका रात्रीत आला तर काय होईल याची कल्पना करा. आज उरल्यात त्या आंतरराष्ट्रीय शाळा, विद्यापीठं, प्रौढांचे वर्ग. शाळांना खरे प्रशिक्षित शिक्षक लागतात, बी.एड.च्या तोडीची पात्रता आणि दोन वर्षांचा अनुभव. गणित-विज्ञान शिकवणाऱ्या भारतीयाला इथे इंग्रजीवाल्यापेक्षा बरी संधी आहे, कारण तिथे मातृभाषेची अट आडवी येत नाही.

इंग्रजीच्या सावलीत आणखी एक धंदा वाढला, त्याला तिथले लोकच ‘पांढऱ्या माकडाचं काम’ म्हणतात. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला परदेशी वास्तुविशारद म्हणून उभं राहायचं, कंपनीचा ‘युरोपीय भागीदार’ म्हणून हात मिळवायचा, बोलायचं काही नाही. कातडी गोरी, सूट इस्त्रीचा, बास. घरबांधणीची तेजी ओसरली, 2021 पासून बडे बिल्डर कोसळले, आणि हे कामही रोडावलं. आपल्याला ते कधी मिळालं नाही याचं दुःख करण्याचं कारण नाही.

चेहऱ्याची उलट बाजू ग्वांगझूमध्ये दिसते. श्याओपेई भागात आफ्रिकी व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. कपडे, फोन, केसांचे टोप यांचा माल खरेदी करून लागोस-अक्राला पाठवणारी माणसं. एप्रिल 2020 मध्ये साथीच्या नावाखाली त्यांतल्या कित्येकांना भाड्याच्या घरांतून आणि हॉटेलांतून बाहेर काढलं गेलं, आणि आफ्रिकी सरकारांना निषेध नोंदवावा लागला. परवाना हातात असूनही रस्त्यावर रात्र काढावी लागू शकते. नोकरीचा विचार करताना हा प्रसंग विसरू नये असं माझं मत आहे.

भारतीयांचं काय? आपली माणसं मुख्यतः व्यापाराच्या कडेनं चीनमध्ये शिरली. यीवूचा किरकोळ वस्तूंचा अफाट बाजार आणि शाओशिंगजवळच्या कछियाओचा कापडबाजार, या दोन ठिकाणी सिंधी, मारवाडी, गुजराती व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या आहेत, शाकाहारी खानावळी आहेत, दिवाळी होते. भिवंडी-उल्हासनगरच्या बाजारात उलगडलेला तागा कुठून आला हे विचारलं तर कधीकधी धागा तिथपर्यंत पोचतो. इथे ‘नोकरी’ म्हणजे ओळखीच्या शेटजीच्या कचेरीत माल तपासणं, कारखान्यांशी घासाघीस, कंटेनर भरून घेणं. जाहिरात नसते, नातीगोती असतात. मराठी माणूस या साखळीत कमीच. तो आला तो बहुधा कंपनीबरोबर: टीसीएस 2002 पासून, इन्फोसिस 2003 पासून चीनमध्ये आहे. पण या कंपन्यांनी तिथे मनुष्यबळ प्रामुख्यानं चिनीच घेतलं; भारतीय आले ते वरचे काही. पुण्याच्या वाहन-सुटे-भाग कारखान्यांतून पुरवठादार सांभाळायला गेलेले अभियंतेही भेटतात. त्यांना नोकरी चीननं दिलेली नसते, चाकणनं दिलेली असते. आणि माझ्या मते तीच सगळ्यात शहाणी वाट आहे.

भारतीयाला भारतीय म्हणून मिळणारी कामं मोजकी. एक योगाचं. मोठ्या शहरांतल्या योगवर्गांत आणि जिममध्ये भारतीय शिक्षकाला खास मागणी असते. 2011 साली बी. के. एस. अय्यंगार वयाच्या नव्वदीत ग्वांगझूला जाऊन शिकवून आले तेव्हा पुण्याचं नाव तिथल्या शिष्यांत आधीच पोचलेलं होतं. 2015 साली कुनमिंगच्या विद्यापीठात भारत-चीन योग महाविद्यालय निघालं. पण योगशिक्षकाकडे पदवी नसेल तर परवाना अडतो, आणि मग तो दलालाच्या तावडीत सापडतो. दुसरं काम भारतीय स्वयंपाक्याचं. तिसरं जुनं आणि आता विरळ: पेकिंगच्या रेडिओवर आणि प्रकाशनगृहांत हिंदी, तमिळ, बंगाली, उर्दूचे भाषातज्ज्ञ. मराठीसाठी अशी खुर्ची नव्हती.

एक ओळख मात्र मराठी माणसाला फुकट मिळते. वयस्क चिनी माणसाला सोलापूर सांगून कळणार नाही, पण ‘ख दी-ह्वा’ म्हटलं की चेहरा खुलतो. ते म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, 1942 च्या डिसेंबरात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. त्यांच्या गावचा म्हटल्यावर चहा नक्की मिळतो. नोकरी मिळेलच असं नाही. मुलाखत घेणारी मुलं पंचविशीतली असतात आणि त्यांना ‘दंगल’ सिनेमा आठवतो.

सध्या खरोखर उघडा असलेला खड्डा कोणता, याचं उत्तर चिनी कंपन्यांच्या एका लाडक्या शब्दात आहे: छूहाय, म्हणजे समुद्रात उतरणं, देशाबाहेर धंदा नेणं. घरचा बाजार थंडावला तशा मोटारी, फोन, गेम्स, बॅटऱ्या, ऑनलाइन दुकानं, सगळ्यांनाच परदेशी गिऱ्हाईक हवं झालं. ते गिऱ्हाईक कसं विचार करतं हे चिनी पदवीधराला ठाऊक नसतं. म्हणून शेन्झेनच्या निर्यात कंपन्या स्पॅनिश, अरबी, पोर्तुगीज बोलणारे विक्रेते शोधतात, शांघायच्या गेम कंपन्या भाषांतर आणि स्थानिकीकरणाला माणसं घेतात. भारतीयासाठी ही सोन्याची संधी व्हायला हवी होती. काही वर्षं होतीही. पण एप्रिल 2020 मध्ये भारतानं शेजारी देशांच्या गुंतवणुकीवर परवानगीची अट घातली, जूनमध्ये गलवान खोऱ्यात दोन्ही सैन्यांची चकमक झाली, 59 चिनी ॲप्सवर बंदी आली. ‘भारताचा बाजार मला कळतो’ हे ज्यांचं भांडवल होतं त्यांचं दुकान दिल्लीतल्या एका आदेशानं बसलं. अशा नोकरीचा पाया दोन सरकारांच्या संबंधांवर असतो, आणि तो पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही. आता संबंध जरा निवळलेत. पण यापुढे तिथे जाणाऱ्यानं भारताबरोबर आग्नेय आशिया किंवा आखाताचा बाजारही आपल्या खात्यात ठेवावा.

नोकरी शोधायची कुठे? लिंक्डइननं आपली चिनी आवृत्ती 2021 मध्ये आटोपती घेतली आणि तिच्या जागी आणलेलं ॲपही ऑगस्ट 2023 मध्ये बंद केलं. चिनी तरुण बॉस झिपिन, झाओपिन, फिफ्टीवन-जॉब वापरतात. तिथे सगळं चिनीत आणि चिनी मोबाइल नंबरवर. परक्यांसाठी इंग्रजी जाहिरातींची काही संकेतस्थळं आहेत, त्यांत शिकवण्याच्या जागांचा भरणा जास्त. खरा बाजार वीचॅटवर भरतो. कंपनीतली बाई क्यूआर कोड पुढे करते, तुम्ही तो टिपता, आणि त्यानंतर मुलाखत, करार, पगाराची घासाघीस, रात्री अकराला ‘फाइल पाठवली का’, सगळं त्याच हिरव्या ॲपवर. वरच्या जागांसाठी ‘लिएथोउ’ म्हणजे मुंडकी-शिकारी फोन करतात. आणि ग्वानशी, त्याला आपल्याकडे सरसकट वशिला म्हणतात. ते तितकंसं बरोबर नाही. वशिला एका कामापुरता लावता येतो. ग्वानशी वर्षानुवर्षं जेवणावळी, सणाच्या भेटी, परतफेडी यांतून राखावी लागते, आपल्याकडच्या लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी. नव्यानं उतरलेल्याची वही कोरीच असते.

भाषेविषयी मतभेद ऐकू येतात. बहुराष्ट्रीय कंपनीत इंग्रजीवर भागतं, हे खरं. पण दुसरी नोकरी शोधायची वेळ आली की चिनी न येणाऱ्याचं वर्तुळ एकदम आक्रसतं. एच.एस.के.च्या चौथ्या पातळीनं बैठक समजते, पाचवीनं बैठकीत बोलता येतं. परवान्याच्या गुणांत भाषेला जेमतेम पाच गुण आहेत. बाजारात तिची किंमत त्याच्या कितीतरी पट. म्हणून तरुणांसाठी मला सगळ्यात भक्कम वाट दिसते ती तिथेच पदव्युत्तर शिकण्याची. चिनी विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेणाऱ्याला 2017 पासून दोन वर्षांच्या अनुभवाची अट माफ होऊ शकते. साथीपूर्वी सुमारे 23 हजार भारतीय विद्यार्थी चीनमध्ये होते, पण बहुतेक एम.बी.बी.एस.चे, त्यांना परत येऊन इथली परीक्षा द्यायची होती, तिथे नोकरी करायची नव्हती.

चिनी कंपनीत शिरलात तर तासांचा हिशेब बदलतो. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, याला ‘नऊ-नऊ-सहा’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2021 मध्ये ते बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं. तरी दिवे उशिरापर्यंत जळतात. पस्तिशी ओलांडलेल्याला नवी नोकरी मिळत नाही, ही तिथल्या चिनी माणसांचीही रड आहे, आणि परका त्यातून सुटत नाही. शिवाय घर भाड्यानं घेताना ‘या यी फू सान’: एक महिना अनामत, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. दलालीसकट पहिल्या दिवशी पाच-एक महिन्यांचं भाडं खिशात लागतं, पहिला पगार यायच्या आत.

दाराबाहेरची गर्दीही बघायला हवी. 2025 च्या उन्हाळ्यात चीनमधून 1 कोटी 22 लाख पदवीधर बाहेर पडले. 16 ते 24 वयाच्या, शिकत नसलेल्या तरुणांतली बेकारी त्या ऑगस्टमध्ये 18.9 टक्के होती. (2023 च्या जूनमध्ये जुन्या पद्धतीनं ती 21.3 वर गेली, तेव्हा सरकारनं काही महिने आकडा छापणंच थांबवलं.) अशा वेळी 1 ऑक्टोबर 2025 पासून ‘के’ व्हिसा आला: विज्ञान-तंत्रज्ञानातल्या तरुण परदेशी गुणवंतांसाठी, चिनी कंपनीचं बोलावणं नसलं तरी चालेल असा. अमेरिकेनं एच-वन-बीवर लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं त्याच दिवसांत याची चर्चा झाल्यानं आपल्या वाहिन्यांनी त्याला ‘चीनचा एच-वन-बी’ करून टाकलं. तसं ते नाही. घोषणा शिक्षण, संशोधन, देवाणघेवाण, उद्योजकता यांविषयी बोलते. नोकरीबद्दल मोघम आहे. चिनी समाजमाध्यमांवर मात्र आमच्याच पोरांना काम नाही आणि बाहेरच्यांना आवतण कशाला, असा गदारोळ उठला, आणि त्यातली बरीच शेरेबाजी थेट भारतीयांवर होती. कायम निवासाच्या नियमांचा मसुदा 2020 मध्ये आला तेव्हाही असाच भडका उडाला होता. मुंबईत परप्रांतीयांवरून झालेली भांडणं ज्यानं पाहिली आहेत त्याला हा सूर ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की यावेळी परप्रांतीय आपण.

राहता राहिलं सोडण्याचं. पहिली नोकरी मिळवण्यापेक्षा पहिली नोकरी बदलणं अवघड, असं तिथे राहिलेले सांगतात. परवाना माणसाला नसतो, माणूस अधिक कंपनी या जोडीला असतो. नोकरी सुटली की जुन्या कंपनीनं ‘लीझ झंगमिंग’ म्हणजे सोडल्याचं प्रमाणपत्र, लाल शिक्क्यासह, द्यायचं आणि दहा कामाच्या दिवसांत परवाना रद्द करायचा. ते झाल्याशिवाय नवी कंपनी अर्ज करू शकत नाही. भांडण झालं असेल तर नेमका हा शिक्काच अडवला जातो. कायदा कामगाराच्या बाजूनं आहे, लवाद आहे, परक्यालाही तिथे जाता येतं. पण रहिवासी परवान्याची तारीख लवादासाठी थांबत नाही. म्हणून करारावर सही करतानाच सोडण्याचं कलम चिनी मजकुरात कुणाकडून तरी वाचून घ्यावं. दोन भाषांतल्या करारात वाद झाला तर बहुधा चिनी मजकूर ग्राह्य, असं त्याच करारात शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

देशच सोडणार असाल तर आणखी एक. 2011 पासून परदेशी कर्मचाऱ्यांनाही सामाजिक विमा लागू आहे. शांघायनं तो बरीच वर्षं ऐच्छिक ठेवला होता, 2021 नंतर ती ढिलाई संपली. दर महिन्याच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी 8 टक्के कापले जातात. कायमचं परत येताना स्वतःच्या खात्यात साठलेली ही रक्कम मागता येते, कंपनीनं भरलेला वाटा नाही. अर्ज करायचा तो बँकेतलं खातं आणि चिनी मोबाइल नंबर बंद करण्याआधी.